एल चिचोनचा पडदा आणि १९८२ चा फसलेला तापमापक

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि देवळाच्या आवारात निर्धास्त वावरणाऱ्या वानरांमुळे सर्वदूर परिचित आहे. चैत्रात येथे यात्रा भरते. गेली वीसहून अधिक वर्षे भारतीय हवामान खातेही साधारण त्याच सुमारास, एप्रिलच्या मध्यास, आगामी पावसाळ्याचा पहिला अंदाज जाहीर करते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात खरिपाची तूर-उडीद आणि रब्बीची ज्वारी ही दोन्ही गणिते त्या अंदाजाकडे डोळे लावून बसलेली असतात.

हा अंदाज ज्या आकड्यांवर उभा राहतो, त्यांतील एक महत्त्वाचा आकडा आहे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान. सोनारीपासून अरबी समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. प्रशांत महासागर तर पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला. तरीही तेथील पाणी अर्धा अंश तापले की नाही, यावर मराठवाड्यातील दुबार पेरणीचे संकट काही प्रमाणात ठरते.

१९८२ साली नेमके हेच तापमान मोजणारे सर्वांत आधुनिक साधन फसले. समुद्र तापत होता आणि उपग्रह तो थंड असल्याचे सांगत होता. त्या फसगतीचा हा धागा.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आधी वर्तवता येईल का, हा प्रश्न ब्रिटिश सरकारला छळू लागला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून शिमल्याला आले. हवामानशास्त्राचे त्यांचे शिक्षण जवळजवळ नव्हते. आकडेमोड मात्र अफाट होती. जगभरच्या नोंदी मांडताना त्यांना दिसले की, प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि उलटही होते. या हेलकाव्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाले. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

हेलकावा दिसला, पण तो कोण घालतो हे वॉकरांना कळले नाही. ते कोडे १९६९ च्या सुमारास याकोब ब्येर्कनेस यांनी सोडवले. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी ज्याला ‘एल निनो’ म्हणत, ते पाण्याचे तापणे आणि वॉकरांचा हवेचा हेलकावा ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ साली, एल निनो आला आणि महाराष्ट्रात पाऊस रुसला. त्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्याच्या घराघरांत आहेत. सुकडी आणि खडी फोडण्याची कामे ज्यांनी पाहिली ती पिढी अजून हयात आहे.

अर्थात एल निनो आला म्हणजे भारतात दुष्काळ पडलाच, असे समीकरण नाही. १९९७ चा एल निनो शतकातील बलाढ्यांपैकी एक होता, तरी त्या वर्षी देशात सरासरीइतका पाऊस पडला. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानभेदाने, म्हणजे ज्याला आज ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ म्हणतात त्याने, तेव्हा पारडे सावरले असे मानले जाते. हा द्विध्रुव जगापुढे मांडणाऱ्या १९९९ च्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी बी. एन. गोस्वामी हे पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. मुद्दा इतकाच की, एक समुद्र पाहून भागत नाही. सगळेच मोजावे लागतात, आणि अचूक मोजावे लागतात.

मोजायचे कसे? शे-दीडशे वर्षे उत्तर एकच होते: जहाजावरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचे, त्यात तापमापक बुडवायचा. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने थंड होई. पुढे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवले जाऊ लागले. तिथे यंत्रघराची ऊब आकड्यात मिसळे. शिवाय जहाजे आपल्या ठरलेल्या व्यापारी मार्गांनीच जात. विषुववृत्तीय प्रशांत महासागराचे अफाट विस्तार कोणी न पाहता राहून जात.

म्हणून उपग्रह हे वरदान वाटले. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. समुद्रही सोडतो. शेकडो किलोमीटर उंचीवरून ते किरण टिपले की पाण्याचे तापमान काढता येते. तेही पाण्याच्या अगदी वरच्या, केसाच्या जाडीहूनही पातळ थराचे. ढग असतील तर काही दिसत नाही, हे खरे; पण निरभ्र आकाशातही एक अडचण उरतेच. मधल्या हवेतील बाष्प त्या किरणांचा काही भाग गिळते आणि समुद्र आहे त्याहून थंड भासतो.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती सुंदर होती. सुमारे ११ आणि १२ मायक्रोमीटर अशा दोन शेजारच्या तरंगलांबींवर एकाच वेळी मोजमाप घ्यायचे. बाष्प दुसरीवर अधिक शोषण करते. त्यामुळे दोन्ही वाचनांत जितका फरक जास्त, तितके बाष्प जास्त, तितकी दुरुस्तीही जास्त. हवेत किती बाष्प आहे हे वेगळे मोजण्याची गरजच उरली नाही. जून १९८१ मध्ये अमेरिकेचा नोआ-७ हा उपग्रह हे दोन्ही डोळे घेऊन अवकाशात गेला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस या सूत्रानुसार जगाच्या समुद्रांचे तापमान नियमितपणे काढले जाऊ लागले.

सूत्राने मनात एक गृहीत धरले होते: समुद्र आणि उपग्रह यांच्यामध्ये जे काही आडवे येते ते बाष्प.

हे गृहीत जेमतेम चार-पाच महिने टिकले.

२८ मार्च १९८२ रोजी मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील एल चिचोन हा ज्वालामुखी फुटला. ३ आणि ४ एप्रिलला आणखी मोठे स्फोट झाले. भोवतालची गावे गाडली गेली, सुमारे दोन हजार माणसे मरण पावली. राख लवकरच खाली बसली, परंतु लक्षावधी टन गंधकाचा वायू थेट स्थितांबरात, सुमारे २५ किलोमीटर उंचीवर जाऊन पोहोचला. तेथे त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनले. स्थितांबरात पाऊस नसतो. त्यामुळे तेथे गेलेले कण धुऊन निघत नाहीत, महिनोन्महिने तरंगत राहतात. हा मेघ पश्चिमेकडे वाहत सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आला, आणि प्रारंभीचे कित्येक महिने मुख्यतः विषुववृत्त ते ३० अंश उत्तर या पट्ट्यातच अडकून राहिला.

नकाशा उघडून पाहावे. एल चिचोन साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सोनारी १८ अंशांच्या जरा वर. तो मेघ मराठवाड्याच्या माथ्यावरूनच गेला.

आता उपग्रहाचे काय झाले ते पाहू. स्थितांबर उणे ५०-६० अंश इतके थंड असते. तेथील आम्लकण समुद्राचे ऊबदार किरण शोषून घेत आणि त्यांच्या जागी आपल्या थंडगार तापमानाचे क्षीण किरण वर सोडत. उपग्रहाला पोहोचणारा प्रकाश त्यामुळे मंदावला. बाष्पाने असेच केले असते तर दोन तरंगलांबींतील फरक वाढून सूत्राने दुरुस्ती केली असती. पण आम्लकणांची शोषणाची तऱ्हा निराळी. त्यांनी दोन्ही वाचने खाली ओढली, फरकात मात्र त्या प्रमाणात वाढ होऊ दिली नाही. सूत्राला वाटले, हवा कोरडी आहे. दुरुस्तीची फारशी गरज नाही. परिणामी उष्ण कटिबंधातील समुद्र एक ते दोन अंशांनी, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, थंड नोंदवला जाऊ लागला.

एल निनो ओळखण्याची आजची सीमा अर्ध्या अंशाची आहे. तेव्हा ही चूक किती मोठी, याची कल्पना यावी.

आणि दैवाचा खेळ असा की, त्याच उन्हाळ्यात प्रशांत महासागर खरोखरच तापू लागला होता. विसाव्या शतकातील सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक आकार घेत होता आणि तो बरोबर आम्लकणांच्या पडद्याखाली झाकला गेला.

पण सगळा दोष उपग्रहाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जहाजे होती, त्यांचे खलाशी तापमान कळवतही होते. ते आकडे नेहमीपेक्षा इतके चढे होते की, संगणकावरील तपासणीच्या नियमांनी त्यांतील पुष्कळसे ‘अशक्य’ म्हणून बाजूला टाकले. सरासरीपासून फार दूर गेलेली नोंद चुकीची मानावी, असा तो नियम. नेहमीच्या वर्षी अगदी शहाणपणाचा. त्यात भर पडली एका उत्तम शोधनिबंधाची. रासमुसन आणि कार्पेंटर यांनी त्याच वर्षी पूर्वीच्या एल निनोंचा अभ्यास करून त्यांची सर्वसाधारण वाटचाल मांडली होती: वर्षाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाणी तापते आणि मग ती ऊब पश्चिमेकडे सरकते. १९८२ चा एल निनो उलट वाटेने आला. मध्य प्रशांत आधी तापला, पेरूचा किनारा सप्टेंबरअखेर. पुस्तकातल्यासारखा तो वागलाच नाही, म्हणून तो ओळखला गेला नाही.

ऑक्टोबर १९८२ मध्ये प्रिन्स्टन येथे हवामानतज्ज्ञांची बैठक भरली. या वर्षी एल निनो नाही, असे तेथील बहुसंख्यांचे मत पडले. तो त्या वेळी ऐन भरात होता.

पुढच्या काही महिन्यांत पेरू आणि इक्वेडोरचे वाळवंटी किनारे पुरात बुडाले, इंडोनेशियात दुष्काळ पडला, फेब्रुवारी १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात वणव्यांनी गावेच्या गावे जाळली. भारतातील १९८२ चा नैऋत्य मोसमी पाऊस देशभराच्या सरासरीपेक्षा सुमारे १४-१५ टक्क्यांनी कमी भरला. हवामान खात्याच्या यादीत ते दुष्काळी वर्ष आहे. (त्याच ऑगस्टमध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर वेगळा जिल्हा झाला.) उपग्रहाने खरे सांगितले असते तर पाऊस वाढला नसता, हे उघड आहे. परंतु सावध होण्यासाठी लागणारे आठवडे हातचे गेले, आणि पावसावर जगणाऱ्या माणसाला आठवडेच लागतात.

चूक उघडकीस आली ती तुलनेमुळे. समुद्रात तरंगणाऱ्या बोयांचे आणि जहाजांचे आकडे उपग्रहाच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर तफावत दिसली, आणि ती विशिष्ट पट्ट्यातच होती. मग एक गमतीची गोष्ट घडली. ही तफावत नकाशावर मांडली की आम्लमेघ कोठे दाट आणि कोठे विरळ आहे हेच दिसू लागले. समुद्राचे तापमान चुकवणाऱ्या उपकरणाने नकळत ज्वालामुखीच्या मेघाचा नकाशा काढून ठेवला होता.

या धक्क्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली पाण्यातली. १९८५ मध्ये ‘टोगा’ हा दहा वर्षांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९९४ च्या अखेरीस विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० नांगरलेल्या बोयांची साखळी उभी राहिली. दुसरी गोष्ट गणितातली. अमेरिकेच्या नोआ संस्थेतील रिचर्ड रेनॉल्ड्स यांनी उपग्रह आणि पाण्यातील नोंदी यांची सांगड घालण्याची पद्धत विकसित केली. तिचा गाभा साधा आहे: तापमानाचा उंच-सखल आकार उपग्रहाकडून घ्यावा, पण प्रत्यक्ष किती अंश हे मात्र जहाजे आणि बोये यांना विचारावे. भूमापनात दुर्बिणीने कितीही दूरवर पाहिले तरी खुणेचा दगड जमिनीतच रोवलेला असतो, तसे हे.

परीक्षा लवकरच आली. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनातुबो फुटला. एल चिचोनच्या दुपटीहून अधिक गंधकवायू स्थितांबरात गेला. उपग्रहांचे तापमान पुन्हा घसरले. उष्ण कटिबंधात एक अंशाहून अधिक चूक येऊ लागली. पण या वेळी पडदा आहे हे सर्वांना ठाऊक होते. रेनॉल्ड्स यांनी तिचे मोजमाप करून १९९३ मध्ये ते प्रसिद्ध केले. भारतातही पिनातुबोच्या कणांचा माग काढला गेला: ऑक्टोबर १९९१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतील उपकरणांनी स्थितांबरातील तो थर प्रत्यक्ष मोजला.

योगायोगाची आणखी एक कडी. पिनातुबोनंतर महिनाभरात, १७ जुलै १९९१ ला, युरोपचा ईआरएस-१ उपग्रह उडाला. त्यावरील ब्रिटिश बनावटीचे उपकरण समुद्राचा एकच तुकडा दोनदा पाही. आधी पुढे झुकून, सुमारे ५५ अंशांच्या तिरक्या नजरेने. मग दोन-अडीच मिनिटांनी तोच तुकडा सरळ खाली आला की पुन्हा. तिरक्या वाटेत हवा जवळजवळ दुप्पट लागते. दोन नजरांतील फरकावरून मधल्या हवेने, मग ती बाष्पाने भरलेली असो वा आम्लकणांनी, किती खाल्ले याचा अदमास लागतो. पिनातुबोच्या मेघासमोर या उपकरणाची पहिली सूत्रेही कमी पडली, हे सांगायला हवे. कणांचा परिणाम गणितातच निष्प्रभ करणारी सुधारित सूत्रे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तयार झाली.

पिनातुबोने आणखी एक अवघड प्रश्न पुढे केला, आणि या सगळ्या कथेत तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. ज्वालामुखीचे कण उपग्रहाला समुद्र थंड असल्याचे भासवतात, ही झाली फसवणूक. पण तेच कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला खरोखरच थंडही करतात. पिनातुबोनंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. म्हणजे एकाच कारणाने एक खोटा गारवा येतो आणि एक खरा. उपग्रहाच्या आकड्यात दोन्ही मिसळलेले. त्यांना वेगळे काढायचे तर पाण्यात हात घातल्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या समुद्रांवर ज्वालामुखीचा मेघ क्वचित येतो, मात्र कणांची वानवा कधीच नसते. जानेवारी ते मार्च १९९९ या काळात हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही मोठी मोहीम झाली. गोव्याहून निघालेले ‘सागरकन्या’ हे भारतीय संशोधन जहाज तिच्यात होते. उपखंडातून समुद्रावर पसरणाऱ्या काजळी-धुराच्या धुक्याचा विस्तार पाहून संशोधकही चकित झाले. हे कण बारीक असल्याने अवरक्त किरणांना ते फारसे अडवत नाहीत. समुद्रावर पोहोचणारे ऊन मात्र कमी करतात. फसवणूक कमी, खरा परिणाम जास्त.

वाळवंटी धुळीचे नेमके उलट. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या शिंगाकडून उठणारी धूळ जून-जुलैत अरबी समुद्रावर दाट असते. धुळीतील खनिजे ११ मायक्रोमीटरच्या बाजूला अधिक शोषण करतात, म्हणजे बाष्पाच्या अगदी विरुद्ध. दोन वाचनांतील फरक त्यामुळे घटतो, कधी उलटाही होतो, आणि सूत्र पुन्हा फसून समुद्र थंड सांगते. धूळ दाट असेल तर दुसराच घोटाळा होतो: उपग्रह तिला ढग समजून ते वाचन टाकून देतो. ही धूळ किती दूर जाते याचा अनुभव मुंबई-पुण्याने २३ जानेवारी २०२२ ला घेतला. त्या दिवशी पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने दोन्ही शहरांचे आकाश पांढरट झाले होते.

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग भारतानेही चोखाळला. मायक्रोवेव्ह लहरींची लांबी सेंटिमीटरांत असते, त्यामुळे इतके बारीक कण त्यांच्या खिजगणतीतही नसतात. पाऊस नसलेल्या ढगांतूनही त्या आरपार जातात. २६ मे १९९९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-१ वर समुद्राचे तापमान मोजणारे असे मायक्रोवेव्ह उपकरण होते. किंमत मोजावी लागते ती तपशिलाची. चित्र भरड येते आणि किनाऱ्याजवळ जमिनीचे किरण मिसळून आकडा बिघडतो. त्यामुळे अवरक्त डोळा सोडून देता येत नाही.

दरम्यान अंदाजाची बाजूही बदलत होती. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १६ घटकांचे प्रारूप वापरात आले. चालू वर्षाचा एल निनो आणि मागील वर्षाचा एल निनो हे त्यांतील दोन घटक होते. बरीच वर्षे त्याने साथ दिली. २००२ मध्ये मात्र सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना देशात १९ टक्के तूट आली, आणि ते प्रारूप मागे पडले. आज समुद्राचे तापमान थेट महासंगणकावरील प्रारूपांत भरले जाते. आकडा चुकीचा गेला तर चूक आता सोळा घटकांपैकी एकात राहत नाही, साऱ्या गणितात झिरपते.

हिंदी महासागरात २००४ पासून नांगरलेल्या बोयांची ‘रामा’ ही साखळी उभारली गेली. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था बोये आणि बुड्या मारणारे आर्गो तरंगक यांच्या नोंदी गोळा करते. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-३ वर समुद्राच्या तापमानासाठी जे उपकरण बसवले आहे, ते ११ आणि १२ मायक्रोमीटरच्या त्याच दोन डोळ्यांनी पाहते, ज्यांनी १९८२ मध्ये नोआ-७ पाहत होता. मृगात सोनारीच्या रानात तिफण चालते, तेव्हा अरबी समुद्रावर धूळ असतेच. तिच्याखालचे पाणी किती तापले आहे, हे त्या उपग्रहाच्या आकड्याशेजारी एखाद्या बोयाचा आकडा ठेवूनच ठरते.